किनाऱ्याआधीचा डोह

शहापूरहून भंडारा ओलांडला की वैनगंगेचा पूल येतो. उन्हाळ्यात इथे डोंगा पात्राच्या मधोमधच वाळूला टेकतो. नवखा माणूस काठ आला समजून उतरतो आणि चार पावलांत कमरेइतक्या पाण्यात जातो. इथला ढिवर, म्हणजे मासेमार नावाडी, मात्र आधी बांबू टेकवून बघतो.

डिसेंबर 1971 मध्ये असाच डोह भारतीय सैन्याला नडला. आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर गोरखा जवान उतरवायचे होते. ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ ही सपाट बुडाची जहाजं पुढे सरकली, नाळ वाळूत रुतली, दार उघडलं. पुढे किनारा नव्हताच. वाळूच्या दांड्यामागे खोल चर होता. पाठीवरच्या ओझ्यानिशी उतरलेले काही जवान त्यात बुडाले.

लाटा फुटताना वाळू ओढून किनाऱ्याला समांतर दांडा रचतात आणि आतल्या बाजूला चर कोरतात. ऋतू बदलला की दोन्ही जागा बदलतात, म्हणून जुना नकाशा बिनकामाचा. त्यात उताराचं गणित. शंभर मीटरला एक मीटर उतार असेल आणि नाळ दीड मीटर पाण्यात बुडत असेल, तर जहाज दीडशे मीटर आधीच टेकणार! भरती कमी पडली तरी तेच होतं: 20 नोव्हेंबर 1943 ला प्रशांत महासागरातल्या तारावा प्रवाळद्वीपावर अमेरिकन मरीन्सच्या होड्या भांगाच्या भरतीमुळे प्रवाळाच्या कट्ट्यावर अडकल्या. पुढचे शेकडो मीटर सैनिक गोळीबारात पाण्यातून चालले.

अमेरिकेच्या मरीन्सकडे, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरणाऱ्या स्वतंत्र दलाकडे, स्वतःच्या तोफा आहेत, विमानंही. भारतात असं वेगळं दल नाही. उतरणारं पायदळ लष्कराचं, जहाजं नौदलाची; त्यामुळे दोघांनी एकत्र सराव केल्याशिवाय गत्यंतर नाही. 1987 मध्ये उभे राहिलेले, मुंबईच्या ‘अभिमन्यू’ तळावरचे ‘मार्कोस’ म्हणजेच आपले मरीन्स, असा समज सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे. ते नौदलाचे मूठभर कमांडो. हजार माणसांनी किनारा धरून ठेवणं हे त्यांचं काम नव्हे. रात्री पोहत जाऊन तळ चाचपणं, म्हणजे ढिवराच्या बांबूचं काम, हे मात्र त्यांचंच.

2007 मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या ‘जलाश्व’ने दांड्याची अडचण स्वतःपुरती वेगळ्या तऱ्हेने सोडवली. हे जहाज किनाऱ्याला लागतच नाही. दूर समुद्रात थांबून टाक्यांत पाणी भरून घेतं, मागची बाजू खाली बसते, पोटातल्या गोदीत समुद्र शिरतो आणि आतल्या छोट्या होड्या तरंगत, रणगाडे घेऊन बाहेर पडतात.