लेखी बाजू पटते कशाने?

ग्रामपंचायतीचा ठराव असो वा शाळेच्या इमारतीसाठी केलेला अर्ज, मागणी रास्त असूनही वरिष्ठांना ती पटत नाही, असे पुष्कळदा घडते. याची कारणे शोधताना पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या परिसराचा इतिहास उद्बोधक ठरावा.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथील ग्रामस्थांनी सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उद्रेक झाला. सुपे व दौंड ही दोन्ही गावे त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडत. जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता आणि तो अकारण नव्हता. निरक्षर शेतकऱ्याने नांगराची निशाणी केलेले खत न्यायालयात निर्णायक ठरे. मूळ मुद्दल किती व व्याज किती, याचा उलगडा त्यातून होत नसे.

शेतकऱ्याची बाजू लेखी मांडण्याचे काम पुणे सार्वजनिक सभेने आधीच हाती घेतले होते. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेच्या सभासदाला किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. त्यामुळे बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो, हे प्रथमच स्पष्ट होई. वक्त्याची विश्वासार्हता, युक्तिवाद आणि श्रोत्याची भावना ही ॲरिस्टॉटलने सांगितलेली तीन साधने होत. त्यांपैकी पहिल्याकडेच आपले अर्जदार सर्वांत कमी लक्ष देतात, असे वाटते.

युक्तिवादाचे मर्म १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात दिसते. ‘शेतकरी दरिद्री आहे’ या विधानाने करुणा उपजेल. परंतु ‘खतात लिहिलेली रक्कम आणि हाती पडलेली रक्कम यांत तफावत आहे’ हे विधान न्यायाधीशास तपासता येते. या कायद्याने न्यायालयास खतापलीकडे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास पाहण्याचा अधिकार दिला, तसेच खते ग्रामनिबंधकासमोर लिहून घेण्याची व्यवस्था केली. सावकारी मात्र बंद केली नाही. कर्जावाचून शेती चालत नाही, ही प्रतिपक्षाची खरी बाजू मान्य केल्याने मूळ मुद्दा दुबळा होत नाही.

टँकरच्या अर्जात ‘जनता हवालदिल झाली आहे’ हे वाक्य हमखास असते. त्याऐवजी कोणती विहीर कोणत्या तारखेस आटली, किती कुटुंबे तिच्यावर अवलंबून होती आणि पर्यायी पाणी किती अंतरावर आहे, हे लिहावे. जवळ एखादा खाजगी बोअर चालू असेल तर तोही नमूद करावा. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास तो दिसणारच असतो.