पोवळं : लाल रंगाचं रत्न आणि रक्ताचा प्रश्न

मागच्या वेळी आपण मोत्याबद्दल बोललो. आज पोवळं. नवरत्नांत दोनच रत्नं अशी आहेत की जी खाणीतून येत नाहीत, समुद्रातून येतात. मोती आणि पोवळं. दोन्ही सजीवांनी घडवलेली. मोत्याबद्दल हे सगळ्यांना ठाऊक असतं, शिंपल्यातला मोती म्हटला की चित्र डोळ्यांसमोर येतं. पोवळ्याबद्दल मात्र विचारलं तर दहांपैकी आठ जण म्हणतात, लाल दगड असतो, मंगळाचा.

सुरुवात शब्दांपासून करू. संस्कृतात ‘प्रवाल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पोवळं आणि दुसरा कोवळी पालवी, नवा कोंब. दुसरं नाव ‘विद्रुम’, त्यात द्रुम म्हणजे झाड आहेच. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी त्याला वनस्पती मानलं. आणि त्यात नवल नाही, कारण लाल फांद्याफांद्यांचं ते झुडूपच दिसतं. ग्रीक आणि रोमन लोकांचीही हीच समजूत होती. ओविड या रोमन कवीच्या कथेत मेडूसाच्या कापलेल्या मस्तकाचा स्पर्श झाल्यावर समुद्रातलं मऊ शेवाळ कडक होऊन त्याचं पोवळं होतं. पाण्यात मऊ आणि हवेत आलं की दगड, ही कल्पना युरोपात पुढे कित्येक शतकं टिकली.

ती मोडली ती अठराव्या शतकात. १७२० च्या दशकात मार्सेयच्या पेसोनेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्यात ठेवून जिवंत पोवळं पाहिलं. त्याच्या फांदीवर पांढरी फुलं उमलतात असं तोवर मानलं जायचं. पेसोनेल म्हणाला, ही फुलं नाहीत, हे प्राणी आहेत. हात लावला की आत जातात, शांत झालं की बाहेर येतात. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत हे म्हणणं इतकं चमत्कारिक वाटलं की रेओम्यूर या मोठ्या शास्त्रज्ञाने ते मांडताना पेसोनेलचं नावच घेतलं नाही. माणसाची अब्रू जाऊ नये म्हणून! पुढे वीसेक वर्षांनी ते बरोबर ठरलं. आज आपल्याला माहीत आहे की हे आठ बाहूंचे चिमुकले जीव वसाहत करून राहतात आणि आपल्याखाली एक कडक सांगाडा रचत जातात. त्या सांगाड्याचा तुकडा घासून, पॉलिश करून जो निघतो तो आपला पोवळ्याचा खडा.

आता महत्त्वाची गोष्ट. हे लाल पोवळं आपल्या किनाऱ्यावर होत नाही. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, लक्षद्वीपला आहेत, अंदमानला आहेत; पण ते वेगळे. ते प्रवाळभित्ती बांधणारे, दागिन्यांचे नव्हेत. (आणि हे ऐकून मालवणहून कुणी आठवण म्हणून तुकडा आणू नका. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत.) दागिन्यांचं खरं जुनं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. सार्डिनिया, सिसिली, ट्युनिशिया, अल्जीरिया हा त्याचा मुलूख. समुद्रातल्या गुहांच्या छतांना, खडकांच्या सावलीतल्या कपारींना ते लटकून वाढतं.

मग भूमध्य समुद्रातला हा जीव आपल्या नवरत्नांत कसा आला? व्यापाराने, आणि फार पूर्वी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खजिन्यातल्या रत्नांत प्रवाळ आहे, आणि त्याच्या एका जातीला ‘आलकन्दक’ म्हटलं आहे. अभ्यासक या शब्दात अलेक्झांड्रिया पाहतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भरुच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळं आहे. त्याच भरुचला आपल्या पैठणहून आणि तेरहून माल जायचा, हेही तोच ग्रंथ सांगतो. म्हणजे सातवाहनांच्या काळात घाट उतरून गेलेल्या गाड्या परत येताना काय काय घेऊन येत असतील, याचा थोडा अंदाज येतो.

आणि प्लिनी. हा रोमन लेखक त्याच शतकातला. तो लिहितो की आम्हाला जसं भारतातल्या मोत्यांचं वेड, तसं भारतीयांना आमच्या पोवळ्याचं. गॉल लोक पूर्वी तलवारी, ढाली, शिरस्त्राणं पोवळ्याने मढवायचे. पण पूर्वेकडे त्याला इतकी किंमत येते हे कळल्यावर जिथे ते निघतं तिथेच ते दुर्मीळ झालं, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे निर्यातीमुळे स्थानिक बाजारात टंचाई! कांद्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे नवं वाटू नये.

या व्यापाराचा आपल्याला जवळचा आणि आमच्या मते सर्वांत रंजक अध्याय गोव्याचा आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेले ज्यू व्यापारी राहत होते. ते भूमध्य समुद्रातलं पोवळं लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायचे. गोव्यात ते कोण घ्यायचं? तर कामतांसारखे सारस्वत व्यापारी. बदल्यात इकडून हिरे जायचे. पोवळं तिकडून निघायचं, हिरे इकडून जायचे, आणि एक फेरा पुरा व्हायला महिनेच्या महिने, कधी त्याहूनही जास्त लागायचे. ज्यू आणि सारस्वत यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसायचं. धर्म वेगळा, भाषा वेगळी, एकमेकांवर फिर्याद करायला सोयीचं न्यायालय नाही. पत्रव्यवहार पोर्तुगीजमध्ये. सगळा धंदा पत्रांवर आणि पतीवर चालायचा. आज आपण ज्याला खास आपल्या परंपरेतलं रत्न म्हणतो, त्याच्यामागे इतक्या परक्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास आहे.

औषधाकडे वळू, कारण चिठ्ठ्या त्याच जास्त आल्या आहेत.

पोवळ्याच्या गुणांबद्दल जगात दोन धारा दिसतात. एक अंगावर घालायची आणि दुसरी पोटात घ्यायची. अंगावर घालण्याची धारा सगळीकडे सारखीच आहे: दृष्ट लागू नये, लहान मूल सुखरूप राहावं. प्लिनी रोमन बाळांच्या गळ्यात पोवळं असल्याचं सांगतो. इटलीतल्या जुन्या चित्रांत बाळ येशूच्या गळ्यात पोवळ्याची फांदी दिसते. इंग्लंडात दात येणाऱ्या बाळांना चघळायला चांदीच्या खुळखुळ्यात बसवलेलं पोवळं देत. आपल्याकडे ते मंगळाला जोडलं गेलं. लाल ग्रह, लाल रत्न, मंगळवार, अनामिका. पत्रिकेत मंगळ निघाला की पोवळं सुचवलं जातं, आणि लग्न ठरत नसलेल्या घरात त्या खड्याच्या वजनापेक्षा त्याच्यावर टाकलेल्या आशेचं वजन जास्त असतं. त्या घरांची चेष्टा आम्ही करणार नाही. पण बोटातल्या खड्यातून शरीरात काही झिरपत नाही, एवढं स्पष्ट सांगायला हवं.

पोटात घेण्याची धारा वेगळी आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात चांगलं पोवळं कसं ओळखावं ते दिलं आहे: पिकलेल्या तोंडल्यासारखा रंग, गोल, लांबट, सरळ, गुळगुळीत, कीड किंवा भोकं नसलेलं, जाड. गुणांत क्षय, रक्तपित्त, खोकला, डोळ्यांचे विकार, आणि दीपन-पाचन म्हणजे भूक व पचन सुधारणं येतं. प्रवाळ शुद्ध करून गुलाबजलात खलून खलून जी बारीक पूड होते ती पिष्टी. आपल्या घरांत ‘चंद्रपुटी प्रवाळ’ म्हणून डबी असते ती हीच. अग्नीत जाळून करतात ते भस्म.

रसायनशास्त्र काय सांगतं? पोवळं म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, थोडं मॅग्नेशियम. शंख, कवडी, शिंपला, मोती, सगळ्यांचा मूळ पदार्थ तोच, खडूचाही तोच. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की ते आम्ल मारतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, ढेकर येतो, जळजळ कमी होते. औषधाच्या दुकानात आम्लपित्ताच्या चघळायच्या ज्या गोळ्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत हेच द्रव्य असतं. तेव्हा आम्लपित्तावर प्रवाळयुक्त औषधाने बरं वाटतं हा भ्रम नाही. जुन्या वैद्यांचं निरीक्षण बरोबर होतं. किंमत मात्र रंगाची द्यावी लागते.

आणि रंगापाशीच खरी अडचण आहे. एक चिठ्ठी वाचतो: ‘मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे. पोवळं लाल असतं, रक्त वाढवतं असं सांगतात. अंगठी घालावी की प्रवाळ द्यावं?’

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. तीन लाल रंग समोर ठेवू. रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे आणि त्याच्या मध्यभागी लोह असतं. मंगळ लाल दिसतो तोही लोहामुळेच, तिथल्या धुळीत गंजलेलं लोखंड आहे. आणि पोवळं? त्याचा लाल रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा, म्हणजे गाजराच्या कुळातला. लोहाचा नव्हे. तिघांत ज्याच्यामुळे रक्त वाढलं असतं ते नेमकं पोवळ्यातच नाही.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. म्हणूनच गरोदर बाईला लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या, असं आशाताई बजावून सांगतात. आता मुलीला डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली आहे आणि आपण ‘रक्त वाढावं’ म्हणून तिच्याबरोबर प्रवाळ पिष्टी चाटवतो. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. थायरॉइडच्या गोळीलाही हाच नियम लागू आहे. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रवाळ विचारल्याशिवाय घेऊच नये.

यावर कुणी म्हणेल, आयुर्वेद एक सांगतो आणि तुम्ही दुसरं. तसं नाही. प्रवाळाचे जे गुण आत्ता सांगितले त्यांत पांडुरोग नव्हता, हे लक्षात आलं का? रक्तपित्त म्हणजे रक्त वाहणं, ते वेगळं. पांडूसाठी वैद्य काय देत आले? लोहभस्म, मंडूर, पुनर्नवा मंडूर, नवायस लोह. सगळी लोखंडाची औषधं. ग्रंथ लिहिणाऱ्यांनी रंगावर भिस्त ठेवली नव्हती. ती आपण नंतर ठेवली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे हा एका घरातला प्रश्न नाही. मुलीची तपासणी करा, जंतांचं औषध, पाळीत रक्त किती जातं, जेवणात काय आहे, हे डॉक्टरांशी बोला. हौस म्हणून अंगठी घालायची असेल तर घालू द्या. गोळी मात्र चुकवू नका.

दुसरी चिठ्ठी : ‘खरं पोवळं कसं ओळखायचं? लिंबू पिळल्यावर फेस आला तर खरं, असं ऐकलं आहे.’ फेस येतो, खरं आहे. पण रंगवलेलं स्वस्त बांबू प्रवाळ बाजारात खूप आहे, तेही कॅल्शियम कार्बोनेटच. फेस त्यालाही येणार. आणि तुमचा खडा खरा असला तर लिंबाने त्याचं पॉलिश गेलं ते वेगळंच. काच आणि प्लास्टिक भिंगातून कळतात, बाकीचं प्रयोगशाळेत. महाग खडा असेल तर तेवढा खर्च करावा.

तिसऱ्या चिठ्ठीत विचारलंय की पोवळं घेणं पर्यावरणाला धरून आहे का. सरळ उत्तर देणं कठीण आहे. ही फांदी जाडीला वर्षाला जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. म्हणजे सेंटिमीटरभर जाडीच्या तुकड्यामागे तीस-चाळीस वर्षं. पूर्वी दोन जाड लाकडं फुलीसारखी बांधून, त्यांना जाळी लटकवून समुद्रतळावरून ओढत असत. जे अडकेल ते वर, बाकीचं चुराडा. युरोपात त्यावर १९९४ मध्ये बंदी आली, आता पाणबुडे हाताने काढतात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालण्याचे प्रस्ताव २००७ आणि २०१० मध्ये आले, मंजूर झाले नाहीत. आमचं मत विचाराल तर नवं घेण्यापेक्षा घरातलं जुनं वापरावं.

त्यालाच जोडून शेवटची चिठ्ठी, ‘आजीची पोवळ्यांची माळ आहे, मणी फिकट झालेत.’ पोवळं मऊ असतं, घामाने आणि अत्तराने मंद होतं. साबण, लिंबू, दागिने धुण्याची यंत्रं, काही नको. ओलसर मऊ कापडाने पुसा, लगेच कोरडं करा, हिऱ्यांच्या दागिन्यांबरोबर एका डबीत ठेवू नका. दोरा जुना असेल तर पटव्याकडून ओवून घ्या आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ मारायला सांगा, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे घरंगळणार नाहीत.