कोकोनं पाडलेलं पुस्तक

बोका कपाटावर चढतो, एका पुस्तकामागे पंजा घालतो आणि ते धाडकन खाली लोटतो. ज्यांच्या घरी मांजर आहे ते म्हणतील, यात नवल ते काय? पण जिम क्विलरनच्या घरी असं झालं की तो रागावत नाही. पुस्तक उचलून आधी त्याचं नाव वाचतो. खुनाचा धागा त्या नावातही असू शकतो!

लिलियन जॅक्सन ब्राऊन या अमेरिकी लेखिकेच्या ‘द कॅट हू...’ मालिकेतली ही जोडी. पहिली कादंबरी १९६६ची. १९६८मध्ये तिसरी आली आणि मग थेट १९८६मध्ये चौथी. पुढे मात्र आकडा २९वर गेला. क्विलरन पेशानं पत्रकार. मिशा झुबकेदार, आणि संशय आला की त्या शिवशिवू लागतात. कोको हा सयामी बोका, जोडीला यमयम ही भाटी. अशा कथांना ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात: खून होतो, पण वाचकाच्या अंगावर रक्ताचा शिंतोडा उडत नाही.

मला थक्क करते ती यातली हातचलाखी. रहस्यकथेत पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर हवा आणि तरी दिसता कामा नये. आता मांजराच्या खोड्यांकडे कोण लक्ष देतं? ब्राऊनबाई नेमक्या तिथंच पुरावा दडवतात. कोको नाक लावून हुंगतो, मध्येच किंचाळतो, वस्तू पाडतो. त्याला काही कळलं होतं की तो नुसताच बोकेपणा करत होता? बाई त्याच्या डोक्यात शिरतच नाहीत. अर्थ लावायचा तो क्विलरननं. शिवाय कोकोला काही कळलं असेल, या शंकेला शास्त्राचाही थोडा टेकू आहे. माणसाचा कान सेकंदाला फार तर २० हजार कंपनांचा आवाज टिपतो, मांजराचा ६० हजारांच्याही पुढचा. भिंतीआडची जी चाहूल आपल्याला लागत नाही, ती त्याला लागू शकते.

ब्राऊनबाईंच्या स्वतःच्या सयामी बोक्याचं नावही कोकोच. तो दहाव्या मजल्यावरून पडून मेला. कुणीतरी ढकलला, अशी कुजबुज शेजारीपाजारी होती. त्या दुःखातून बाईंनी एक लघुकथा लिहिली. तिच्यात मात्र त्या मांजराच्या मनात शिरल्या. मारल्या गेलेल्या पिल्लाचा सूड तिथं मांजरच घेतं.