शासकीय सेवकांची तक्रार आणि तिची मुदत

शासकीय सेवेतील एखाद्या व्यक्तीस पदोन्नतीत डावलले गेले, किंवा स्त्री म्हणून, जातीमुळे वा दिव्यांगत्वामुळे तिला वेगळी वागणूक मिळाली, तर दाद कोठे मागावी हा प्रश्न तिच्या मनात प्रथम येतो. दाद केव्हापर्यंत मागता येते हा प्रश्न बहुधा फार उशिरा सुचतो. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवासस्थान एवढ्याच कारणावरून शासकीय नोकरीत भेदभाव करण्यास संविधानाच्या अनुच्छेद १६ अन्वये मनाई आहे. हा हक्क कायमचा आहे. मात्र त्याचा भंग झाल्यास दाद मागण्याचा जो मार्ग सेवक पत्करील, त्या मार्गाची मुदत त्याला पाळावी लागते. आणि या मुदती एकसारख्या नाहीत.

पेडणे तालुक्यातील पत्रादेवीची सीमा ओलांडली की सावंतवाडी तालुका लागतो. डिचोलीला लागून दोडामार्ग आहे. दोन्ही बाजूंची नातीगोती, देवस्थाने व बाजारहाट एकमेकांत गुंतलेले आहेत. तरीही सेवाविषयक तक्रारीच्या बाबतीत या सीमेच्या दोन बाजूंना दोन निराळ्या व्यवस्था आहेत. सावंतवाडी तहसील कचेरीतील लिपिकाचे गाऱ्हाणे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जाते. ते न्यायाधिकरण १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाखाली १९९१ पासून काम करीत असून, त्याच्याकडे अर्ज करण्याची मुदत त्या अधिनियमाच्या कलम २१ मध्ये एक वर्ष अशी स्पष्ट दिलेली आहे. पेडण्याच्या मामलेदार कचेरीतील लिपिकासाठी असे न्यायाधिकरण नाही. १ नोव्हेंबर १९८५ रोजी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले तेव्हा गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश होता आणि त्याच्या प्रशासनातील सेवकांची प्रकरणे त्या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. राज्याच्या सेवकांसाठी १९८५ च्या अधिनियमाखालील राज्य न्यायाधिकरण मात्र स्थापन झाले नाही. पणजीस जे गोवा प्रशासकीय न्यायाधिकरण आहे ते १९६५ च्या निराळ्या कायद्याखालील आहे. नावाच्या सारखेपणामुळे अनेकांचा घोटाळा होतो. गोवा शासनाच्या सेवकाला सेवाविषयक अन्यायाविरुद्ध अनुच्छेद २२६ अन्वये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे जावे लागते. हे खंडपीठ आता पर्वरी येथे आहे.

याच गावांतील टपाल खात्याचे सेवक मात्र केंद्र शासनाचे. त्यांची दाद आजही केंद्रीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे लागते व त्यांना एक वर्षाचे बंधन आहे. टपाल खात्याच्या विभागबाह्य सेवकांची पदे नागरी पदे होत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. विभागबाह्य सेवक म्हणजेच आजचे ग्रामीण डाक सेवक. त्यामुळे तेही याच व्यवस्थेत मोडतात.

उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्यास कायद्याने ठराविक दिवसांची मुदत घातलेली नाही, हे ऐकून काही सेवक निर्धास्त होतात. हा समज घातक आहे. कनिष्ठास आपल्या डोक्यावरून बढती मिळाल्याची तक्रार असेल तर सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात न्यायालयात यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात म्हटले आहे. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. ज्येष्ठतेची यादी एकदा स्थिरावली, तिच्या आधारे आणखी बढत्या झाल्या, काही जण निवृत्तही झाले, की एकाचा न्याय करताना ज्यांचा काही दोष नाही अशा दहा जणांची घडी विस्कटते.

न्यायालयापूर्वीची पायरी खात्यातील अपिलाची. गोव्यातील शासकीय सेवकांना केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ लागू आहेत. निलंबन, शिक्षा आणि त्या नियमांत सांगितलेले इतर आदेश यांविरुद्ध ४५ दिवसांच्या आत अपील करावे लागते. हे दिवस आदेशाची प्रत सेवकाच्या हाती पडल्यापासून मोजले जातात. आदेशावरील तारखेपासून नव्हे. प्रत १० जून रोजी मिळाली असेल तर २५ जुलैपर्यंत अपील गेले पाहिजे. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार अपील प्राधिकाऱ्यास आहे. पण तो त्याचा अधिकार आहे, सेवकाचा हक्क नाही. आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. अपील सरळ अपील प्राधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असते व ज्याने आदेश काढला त्याला त्याची प्रत द्यावयाची असते. ‘योग्य मार्गाने’ पाठविलेला कागद खालच्या कचेरीतच पडून राहिला, अशी वेळ या नियमामुळे टाळता येते.

सर्वाधिक प्रकरणे बुडतात ती पुनःपुन्हा केलेल्या निवेदनांमुळे. पहिल्या अर्जास उत्तर येत नाही म्हणून सेवक स्मरणपत्र देतो, मग संचालकांना भेटतो, मग मंत्र्यांना निवेदन देतो. प्रत्येक वेळी आपले प्रकरण जिवंत आहे असे त्याला वाटत असते. १९८९ मध्ये राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न निकालात काढला: नियमांत तरतूद नसलेल्या निवेदनांनी मुदत वाढत नाही. १९८५ च्या अधिनियमाचा हिशोबही असाच आहे. नियमानुसार अपील केले आणि सहा महिन्यांत अंतिम आदेश झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. १ फेब्रुवारीस केलेल्या अपिलाला उत्तर आले नाही तर जुलैअखेर प्रतीक्षा संपते आणि पुढील वर्षाच्या जुलैअखेर दारही बंद होते. जुन्या निवेदनाला वर्षानुवर्षांनी खात्याने उत्तर दिले तरी मेलेली तक्रार त्यामुळे पुन्हा जिवंत होत नाही, असे त्याच न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. तेव्हा सौजन्याने आलेले उत्तर पाहून कोणी हुरळून जाऊ नये.

वेतननिश्चितीची गोष्ट थोडी निराळी. पगार चुकीच्या दराने निश्चित झाला असेल तर दर महिन्याला नवा अन्याय घडतो असे १९९५ च्या एका निर्णयात मानले गेले. अशा तक्रारीस उशीर झाला तरी ती ऐकली जाऊ शकते; थकबाकी मात्र साधारणतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. ज्यात इतरांची ज्येष्ठता हलते, त्या बढतीच्या तक्रारीस ही सवलत नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारीची मुदतही आखूड आहे. २०१३ च्या अधिनियमातील कलम ९ प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत, आणि प्रकार पुनःपुन्हा घडले असल्यास शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत, लेखी तक्रार द्यावी लागते. परिस्थितीमुळे महिलेला येणे शक्य नव्हते असे समितीस पटल्यास, लेखी कारणे नोंदवून ती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे नाही. बंगालमधील एका विधी विद्यापीठातील अध्यापिकेच्या प्रकरणात शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ मधला होता आणि तक्रार २६ डिसेंबर २०२३ रोजी दाखल झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरविली. भीती, बदनामीची धास्ती, वरिष्ठाच्या हाती असलेला गोपनीय अहवाल यांतून सावरून स्त्री लेखणी उचलते तोवर सहा महिने सहज निघून जातात. कायद्याची ही बाजू कठोर आहे यात शंका नाही. पण तो आज असा आहे.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कचेरीत अंतर्गत समिती असावी लागते. दोन शिक्षकी शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी अशा लहान ठिकाणी, किंवा तक्रार कार्यालयप्रमुखाविरुद्धच असेल तेव्हा, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पेडणे व डिचोलीसाठी ती उत्तर गोवा जिल्ह्याची. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेप घालावी लागू नये म्हणून तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावयाची असते. जिला लिहिता येत नाही तिला तक्रार लिहून देण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. कंत्राटी, रोजंदारी व मानधनावरील स्त्रियाही या कायद्याच्या कक्षेत येतात. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी असा नियम आहे. पण घाईही बाधते. गोवा विद्यापीठातील २००९ च्या तक्रारींच्या चौकशीत प्राध्यापकास बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांनंतर ते प्रकरण पुन्हा समितीकडे धाडले. त्यात तक्रारदार विद्यार्थिनींचीही चौदा वर्षे गेली.

दिव्यांग सेवकांसाठी २०१६ च्या अधिनियमात बंधन उलट बाजूवर आहे. शासकीय आस्थापनेतील तक्रार निवारण अधिकाऱ्याने आलेली तक्रार नोंदवहीत नोंदवून दोन आठवड्यांत तिची चौकशी करावयाची असते. त्याने समाधान न झाल्यास सेवकाला जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते.

अशा प्रत्येक प्रकरणात वाद शेवटी तारखांवर येतो. आदेश हाती येताच स्वाक्षरीखाली दिनांक घालावा. टपालाने आलेल्या आदेशाचा लिफाफा शिक्क्यासह जपून ठेवावा. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घेऊनच परतावे. पोच देण्यास टाळाटाळ झाल्यास तोच अर्ज त्याच दिवशी पोचपावतीसह टपालाने पाठवावा.