कर्ड्याच्या काळूरामाचा माग

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात कर्डे नावाचे गाव आहे. डिसेंबर 1874 मध्ये तेथील काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी कोर्टाचा हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे राहते घर पाडून टाकले. गाव खवळले. सावकारांवर बहिष्कार पडला, त्याचे लोण आसपास पसरले आणि 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे भर बाजाराच्या दिवशी दंगा पेटला. पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावे त्यात सापडली. दख्खनच्या दंग्यांच्या बहुतेक इतिहासांत काळूराम असा एका वाक्यात येतो आणि पुढच्या वाक्यात नाहीसा होतो.

हा काळूराम कोणाचा तरी पणजोबा, खापरपणजोबा असेल. त्याच्या वंशजाने त्याचा माग काढायचे ठरविले, तर हाती काय लागेल?

पहिली अडचण नावाची. वडिलांचे नाव नाही, गोत्र नाही, मूळ गाव नाही. ‘मारवाडी’ या एकाच शब्दात ओसवाल जैनही आले आणि वैष्णव माहेश्वरीही आले. इंग्रज अधिकाऱ्याला तो भेद सांगण्याचे कारण नव्हते. इंग्रजी कागदांतील वर्णलेखनामुळे नावाचे कालूराम, कलूराम असे कोणतेही रूप होऊ शकते. शिरूरला लोक घोडनदी म्हणत, म्हणून तेही नाव ध्यानात ठेवून शोधावे लागते.

दुसरी अडचण अधिक दुःखद आहे. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे निमूटपणे हवाली करणाऱ्या सावकाराला सहसा मारहाण झाली नाही. रोखे आणि वह्या मात्र होळीत गेल्या. ज्या खातेवहीत आज वंशजाला पूर्वजाचे हस्ताक्षर, भागीदाराचे नाव, मारवाडातील घरी पाठविलेली रक्कम सापडली असती, तीच वही कुळाच्या लेखी बेडी होती. एकाचा पुरावा तो दुसऱ्याचा फास, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही सरकारी कागद उरले. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरातही या दंग्यांची हकीकत आहे. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात महसूल आणि न्याय खात्यांचे त्या काळचे खंड आहेत. तेथे तालुका आणि वर्ष हाती धरून पाने उलटावी लागतात, कारण दुकानदाराच्या नावाची सूची कोणी केलेली नसते. 1872 च्या जनगणनेकडून आशा धरू नये; आकडे छापले गेले, घरोघरचे तक्ते जपले गेले नाहीत. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे वारसाचे फेरफार त्याआधीचे मिळत नाहीत. मात्र जमीन त्यानंतरही घरात राहिली असेल, तर एकाच फेरफारात बाप, मुले आणि विधवा यांची नावे ओळीने सापडतात. गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, जिला कोतवाल बुक म्हणतात, नाव आणि जात मिळू शकते. ती वही बहुधा मोडीत असते. मोडी वाचणारा सोबत न्यावा, अंदाजाने वाचू नये.

1879 च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने शोधकर्त्यावर नकळत उपकार केले. शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या रजिस्ट्रारपुढे करणे आवश्यक ठरले, आणि सावकाराने पावती, हिशेब व पासबुक देणेही. सावकारांना हा कायदा जाचक वाटला; पण जे नाव पूर्वी केवळ खाजगी रोख्यावर राहिले असते, ते त्यामुळे सरकारी दप्तरात गेले.

यात जोखीम आहे. पूर्वज सापडलाच तर बहुधा विरुद्ध पक्षाच्या तक्रारीत सापडेल. घरात ‘आजोबा मोठे दयाळू’ अशी आठवण असेल आणि कागदात दीडशे रुपयांसाठी पाडलेले घर असेल. तेव्हा कागद बाजूला ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. आयोगाने रयतेची बाजू ऐकली तशी सावकारांचीही ऐकली. 1859 पासून रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली होती, तेव्हापासून सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज धरून दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई, हे दोन्ही बाजूंच्या कागदांतून कळते. वंशावळीत दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहिणे हाच प्रामाणिक जमाखर्च.

समाजाकडे आणखी एक दप्तर आहे, ज्याला आगीची भीती कमी. मंदिरांतील धातुप्रतिमांच्या मागील लेखांत संवत, भरविणाऱ्याचे नाव, वडील, पत्नी, पुत्र, गोत्र, गच्छ आणि गाव अशी माहिती येते. संवताचा हिशेब मात्र जपून करावा. मे 1875 हा कार्तिकापासून वर्ष मोजणाऱ्या गुजराती वहीत संवत 1931, तर चैत्रापासून मोजणाऱ्या पंचांगात 1932. एका वर्षाच्या या फरकाने दोन भिन्न माणसे एक होतात आणि एकाचे दोन होतात.

हे लेख रोजच्या प्रक्षालाने आणि वाळाकुंचीने झिजत चालले आहेत. पुजाऱ्याला विनंती करून, पूजेची वेळ संपल्यावर, बाजूने प्रकाश पाडून छायाचित्र घेतले तर अर्धवट पुसलेली अक्षरेही बरीच वाचता येतात.