रात्रपाळी

रात्री २.१०

कुशीत वळवळ सुरू होते. दिवा लावायचा नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे. लेक डोळे न उघडताच शोधते आणि पिऊ लागते. चौदा महिन्यांची आहे. वर चार दात, खाली चार. लांब स्टेशनात कोकणात जाणारी एखादी गाडी भोंगा देते. गिळण्याचा आवाज थांबून नुसतं चघळणं उरलं, की मी करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवते आणि हळूच सोडवते. महिन्यापूर्वी सोडवत नव्हते. ती तोंडात धरूनच झोपायची, मीही तशीच.

पहाटे ५.३०

दुसरी फेरी. दिवसा मी घरी नसते, म्हणून दिवसभराची थकबाकी ती रात्री वसूल करते. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते. माझी संपली, त्याच आठवड्यापासून आमची जागरणं वाढली. ‘रात्रीचं तोड आता’ हा सल्ला सोसायटीत फुकट मिळतो. पण रात्रीचं तोडलं तर माझ्या वाट्याला उरतं काय?

सकाळी ७.००

पोळ्या झाल्या, डबा भरला. आता लेक मांडीवर उताणी, डोकं माझ्या पोटाशी. ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, १००० पीपीएम फ्लोराइडची. तीन वर्षांची होईपर्यंत एवढीच. ती रडते. रडताना तोंड उघडं राहतं, तेवढ्यात काम उरकतं. मग वरचा ओठ उचलून बघायचा. पुढच्या दोन दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ.

सकाळी ८.१५

लोकल पनवेलहूनच सुटते म्हणून खिडकी मिळते. खांदेश्वर गेलं, मानसरोवर आलं. मागच्या महिन्यात इथेच उतरून रिक्षाने कामोठ्यातल्या दंत महाविद्यालयात गेलो होतो. सासूबाई, लेक आणि मी. डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघे भिडवले. लेकीचे पाय माझ्या कमरेशी, डोकं त्यांच्या मांडीत. मिनिटभरात बघून झालं. पांढरी रेघ ही किडीची पहिली खूण. दातातले क्षार निघून गेलेत, पण खड्डा पडलेला नाही. अजून भरून येऊ शकतं. त्यांनी फ्लोराइडचं वार्निश लावलं.

‘पाजणं बंद करा’ हे ऐकायच्या तयारीनेच मी गेले होते. ते त्या म्हणाल्याच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते. पहिल्या वर्षात अंगावरच्या दुधाने कीड वाढत नाही. वर्षानंतर मात्र रात्री वरचेवर पाजलं तर धोका वाढतो. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, ते आम्ल दाताचे क्षार ओढून घेतं. दिवसा लाळ ते धुऊन टाकते. झोपेत लाळच कमी सुटते. खालच्या पुढच्या दातांवर जीभ येते म्हणून ते वाचतात. वरचे उघडे पडतात.

एवढं सांगून त्यांनी विचारलं, ‘‘दिवसा काय काय खाते?’’ मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई खिडकीकडे बघू लागल्या.

दुपारी १.१५

बेलापूरचं ऑफिस, डबे उघडलेले. शेजारची म्हणते, ‘‘दुधाचेच ना दात? पडणारच आहेत.’’ पडणार आहेत, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. वीसच्या वीस दातांनी पडेपर्यंत चावायचं असतं आणि खालून येणाऱ्यांची जागा धरून ठेवायची असते. ठणकणाऱ्या दाताला तो कायमचा नाही हे कुठे कळतं?

दुपारी ३.३०

सासूबाईंना फोन. ‘‘आई, उठली का?’’

‘‘मघाशीच. बिस्कीट मागत होती.’’

मी गप्प.

‘‘अगं, नाही दिलं. दहीभात दिला. वाटी चाटून पुसून खाल्ली.’’

चहात बुडवलेलं बिस्कीट हा आजी-नातीचा रोजचा सोहळा होता. सकाळी एक, दुपारी एक, मध्ये रडली तर आणखी एक. त्याचा चिकट लगदा दातांच्या फटीत बसायचा आणि रात्रीच्या दुधाआधी जंतूंचं जेवण तयार असायचं. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त बाधतं. मला वाटत होतं, चूक रात्रीची म्हणजे माझी. निघाली ती दिवसाचीही, आणि दिवस आमच्या दोघींचा होता.

संध्याकाळी ६.४५

चप्पल काढायच्या आत लेक गळ्यात. हात धुऊन आधी पाजते. सासूबाई पाण्याचा तांब्या आणून ठेवतात. ‘आमच्या वेळी गुळाच्या पाण्यात बोट बुडवून चोखायला द्यायचे,’ असं कधी सांगतात; हल्ली सांगताना स्वतःच हसतात.

रात्री ८.३०

वरणभात झाला. आता पुन्हा ब्रश. सकाळचा एखादे दिवशी हुकला तर हुकला, हा नाही. यानंतर तोंडात जाईल ते फक्त पाणी आणि अंगावरचं दूध. दात स्वच्छ करून पाजलं की जंतूंच्या हाती कमी लागतं.

मी ब्रश धरते, सासूबाई मोबाइलचा टॉर्च. लेक टॉर्चकडे बघून तोंड उघडते. सासूबाई चष्मा सरसावून वाकतात, अंगठ्याने ओठ वर करतात आणि माझ्याआधी निकाल देतात.

‘‘तेवढीच आहे. वाढलेली नाही.’’

रात्री ९.४५

लेक कुशीत. मी करंगळीचं नख तपासते, वाढलंय. उठून कापून येते.