धावणे, पोहणे आणि सायकल
शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,९०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. ते आयर्नमॅनमध्येही उतरले आहेत: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० सायकल, ४२.२ धावणे. पोहताना गुडघ्यांवर भार येत नाही, सायकलीने दमसास वाढतो, धावण्याने हाडे बळकट होतात.

वर्धा जिल्ह्यात पोलीस भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलामुलींना आम्ही आग्रहाने सांगतो: नडगी दुखली तर त्या दिवशी धावू नका, त्रास होत नसेल तर सायकल चालवा. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्या. एकाच जागी दुखत राहिले तर हाडाला बारीक तडा असू शकतो. भरती तोंडावर आली म्हणून दुखणे लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.